नळाला बांधलेली चॉपर

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी गाडीकडे नंतर बघतो, आधी त्याच्या पायांकडे बघतो. जव्हारच्या बाजारात मोटारसायकली उघडण्यात आणि परत मिटवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यातून हाती लागलेली विद्या एवढीच. डाव्या चपलेवर अंगठ्यापाशी काळा डाग असेल तर हा माणूस गिअर बदलतो, गाडी खरोखर चालवतो. दोन्ही चपलांच्या टाचा सपाट झाल्या असतील तर गाडीला ब्रेक नाहीत आणि हा पाय घासून थांबतो. अशाला मी आधी चहा पाजतो. आमच्या घाटांतून तशा गाडीवर जिवंत आलेल्या माणसाचा तेवढा मान राखलाच पाहिजे. आणि पायांत कसलीच खूण नसेल तर समजावं, हौशी गिऱ्हाईक आलं, आता आपली धडगत नाही.

सनीशेठच्या पायांत बूट होते. ऐन उन्हाळ्यात गुडघ्याच्या खालपर्यंत आलेले, टोकदार, बायकांच्या सँडलसारख्या उंच टाचेचे. डाव्या बुटाला गिअरचा स्पर्श झालेला नव्हता. मी मनात म्हटलं, आला.

सनीशेठ म्हणजे बापूसाहेब कंत्राटदारांचे थोरले चिरंजीव. पाळण्यातलं नाव संजय. बापूसाहेबांबद्दल काय सांगू! जव्हार-मोखाड्यात तुमची गाडी ज्या खड्ड्यात आपटेल तो रस्ता त्यांचा आणि जो नळ फिरवल्यावर पाणी येणार नाही तो नळ त्यांचा. नळ कोरडा म्हणून उन्हाळ्यात टँकर लागे आणि टँकरचं कंत्राटही त्यांचंच. देवाने एकाच माणसाला आजारही दिला आणि औषधाचं दुकानही दिलं.

तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता, मोबाइल अजून घाट चढून वर आला नव्हता आणि आमच्याकडे मोटारसायकल म्हणजे चाकं लावलेला बैल होता. जामसरचा एक भाऊ एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की गाडी चढाला दम टाकते.

"लादतोस काय तिच्यावर?"

"कायच नाय मिस्त्री. मी, बायको, दोन पोरं, भाताचं पोतं आन बकरी."

"बकरी कुठं बसते?"

"बसत नाय ना! उभीच ऱ्हाते. तेचाच तर तरास."

अशा गाड्यांवर मी पोट भरत होतो आणि सुखात होतो. त्या सुखात सनीशेठने इंग्रजी मासिकातलं फाडलेलं एक पान आणून माझ्या टेबलावर पसरलं आणि वर पाना ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"उस्ताद, हे बनवायचं."

"काय आहे हे?"

"चॉपर."

ज्यांना चॉपर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या मोटारसायकलचं पुढचं चाक धरायचं आणि पुढच्या गल्लीत ओढून न्यायचं. हँडल आभाळात न्यायचं. बसणाऱ्याचं बूड जमिनीला टेकेल इतकं खाली आणायचं आणि पाय असे पुढे पसरायचे, की माणूस गाडी चालवतोय की न्हाव्याकडे दाढीला बसलाय ते कळू नये. अमेरिकेत हे चालतं म्हणतात. चित्रातला रस्ता तसाच होता, क्षितिजापर्यंत सरळ, दोन्ही बाजूंना वाळवंट. आमच्याकडे सरळ अशी एकच वस्तू मिळते, विहिरीत सोडलेला दोर.

"आणि इंजिन?" मी विचारलं.

सनीशेठने जीपच्या मागचं गोणपाट ओढलं. खाली चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, जपानी रेसच्या गाडीचं इंजिन. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणलेलं.

मी हात पुसले. खरंच पुसले. असं इंजिन मी चित्रातही नीट पाहिलेलं नव्हतं.

"याची गाडी कुठं आहे?"

"ती झाडाला लागली."

"आणि चालवणारा?"

"उस्ताद, तुम्ही फार प्रश्न विचारता."

"कागद तरी?"

"भंगाराला कागद असतात का?"

त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या चार सिलिंडरांवर माझा जीव जडला होता. शिवाय बापूसाहेबांनी चिरंजीवांना राजकारणात उतरवायचं ठरवलं होतं. चॉपरवर बसलेल्या सनीशेठचा फोटो सूर्यमाळच्या उंच माळावर काढायचा, मागे डोंगरांच्या रांगा, आणि त्याचा भला मोठा फलक जव्हार नाक्यावर लावायचा, वर लिहायचं 'भावी सभापती'. आमच्याकडे 'भावी' या पदाला निवडणूक लागत नाही, फक्त फोटो लागतो.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, कंटाळू नका. रेसच्या गाडीत इंजिन नुसतं बसवलेलं नसतं, ते सांगाड्याचंच एक हाड असतं. त्याला बाहेर काढलं की भोवती नवा सांगाडा विणावा लागतो. सांगाड्याला पाइप वाकवावे लागतात आणि पाइप वाकवायचं यंत्र माझ्या बापजन्मी जव्हारमध्ये नव्हतं. पण माझा शेजारी रफिकभाई होता. रफिकभाईने तोवर फक्त खिडक्यांच्या जाळ्या आणि दवाखान्याचं फाटक केलेलं होतं. आम्ही पाइपात भट्टीवर भाजलेली कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारली, मधला भाग लाल केला आणि ट्रकच्या जुन्या रिंगेभोवती दोघांनी लोंबकळून वाकवला. वाळू आत असल्यामुळे पाइप चेपत नाही. असा एकेक पाइप करत सांगाडा उभा राहिला. रफिकभाई मागे सरकून त्याच्याकडे बघत राहिला.

"मिस्त्री, ये गाडी है के पालखी? दो आदमी आगे, दो पीछे लगाव, चल पडेगी."

हसा तुम्ही. पण त्या सांगाड्याचा एकही जोड पुढे कधी उलला नाही. चॉपरबद्दल जे काय वाईट ऐकाल त्यात आमच्या वेल्डिंगचं नाव निघणार नाही.

भांडण झालं ते रेडिएटरवरून. रेसचं इंजिन हे तारपा वाजवणाऱ्यासारखं असतं, एकदा फुंक धरली की तोडता येत नाही. हळू चालवलं तर ताकद नाही, जोरात चालवलं तर आग. ती आग विझवायला त्याच्या पोटातून सतत पाणी फिरतं आणि ते पाणी थंड करायला पुढे रेडिएटर असतो, समोरून वारा खात. सनीशेठने रेडिएटर पाहिला आणि नाक मुरडलं.

"हा डबा काढा. चित्रात नाही."

"चित्रातलं इंजिन वाऱ्यावर थंड होतं सनीशेठ. याला पाणी लागतं."

"मग लपवा कुठेतरी."

"वारा न लागणाऱ्या जागी लपवला तर उपयोग काय?"

"उस्ताद, फलकावर डबा दिसता कामा नये."

भावी सभापतींचा पहिला आदेश. रेडिएटर सीटखाली आडवा गेला. तिथं वारा जन्मात पोचणार नव्हता, म्हणून मी मोटारीतला एक बारका विजेचा पंखा आणून त्याला जोडला. पंखा गुणगुणू लागला. सनीशेठ म्हणाले, या आवाजाने इंजिनाच्या आवाजाची मजा जाते. मी म्हटलं, पंख्याला हात लावाल तर मजा, इंजिन आणि तुमचं बूड, तिन्ही जातील. ते हसले. मोठ्या घरच्या मुलांना वाटतं मिस्त्री विनोदी असतात.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो दुपारचा बाजार मी विसरणार नाही. चारही कार्बोरेटर एका सुरात आणायला मला फार झगडावं लागलं होतं. एक पुढे गेला की बाकीचे रुसायचे. त्या दिवशी ते चौघं जमले. सुरुवातीला घुमल्यासारखा आवाज, मग मूठ पिळली आणि तो आवाज असा चढत गेला, की नागलीची भाकरी विकणाऱ्या बाईने भाकरी हातातच धरून ठेवली. समोरचा चहावाला बाहेर आला. रफिकभाईने टोपी काढली, परत घातली. या गावात माझ्या हाताने असा सूर निघाला, ही गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार आहे, ऐकणारा असो वा नसो.

बाकी गाडी म्हणजे थट्टा होती. वळायला मैदान लागे.

मे महिन्यातल्या एका सकाळी आमची वरात सूर्यमाळकडे निघाली. पुढे सनीशेठ, काळं कातडी जाकीट, काळा चष्मा, ते बूट. मागे माझ्या जुन्या गाडीवर मी, पिशवीत हत्यारं आणि गळ्यात त्यांचा कॅमेरा. फोटो मीच काढायचा होता. मोखाड्यापर्यंत ठीक चाललं, म्हणजे पडलो नाही. घाट लागला आणि प्रत्येक वळणाला तमाशा सुरू झाला. लांब चाक वळणात मावेना. सनीशेठ थांबायचे, पायांनी गाडी मागे ढकलायचे, थोडं पुढे, परत मागे, जसा नवखा ड्रायव्हर बोळात ट्रक फिरवतो. एक गुराखी आपल्या म्हशी घेऊन आम्हाला ओलांडून गेला. पुढच्या वळणावर त्या म्हशी चरत असताना आम्ही परत भेटलो. त्याने म्हशींना बाजूला घेतलं, लग्नाच्या मिरवणुकीला वाट देतात तसं.

मग मला दिसलं की सनीशेठ उभं राहून गाडी चालवतायत. चॉपर उभ्याने चालवायची गाडी नाही.

"काय झालं?" मी मागून ओरडलो.

"सीट तापली!"

सीटखालून वाफ निघत होती. पंख्याची वायर पकडीने नीट कापलेली आणि टोकाला टेप गुंडाळून सीटखाली दडवलेली. सनीशेठची स्वतःची कारागिरी. आयुष्यात त्यांनी हाताने केलेलं ते पहिलं काम असावं, आणि चांगलं केलं होतं.

गाडी थांबली ती सूर्यमाळच्या अलीकडे एका पाड्यासमोर. पाड्याचं नाव सांगत नाही. बाप्ये सगळे कामाला भिवंडी-वसईकडे गेलेले, पाड्यात बाया आणि म्हातारी माणसं. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा ओटा, ओट्यावर नळ, आणि वर संगमरवरी पाटीवर बापूसाहेबांचं नाव. सनीशेठने आनंदाने नळ फिरवला. नळाने फुस्स केलं आणि एक मुंगळा बाहेर आला. इकडेतिकडे बघून परत आत गेला.

एवढ्यात खालच्या दरीतून एक बाई वर आली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, घामाने निथळलेली. तिचं नाव मंगळीबाय, ते मला नंतर कळलं. वय माझ्या थोरल्या बहिणीएवढं, अंग वेताच्या काठीसारखं.

"मावशी," सनीशेठ म्हणाले, "जरा पाणी देता?"

आता हे लक्षात घ्या. आमच्या भागात उन्हाळ्यात माणूस एक वेळ भाकरीला नाही म्हणेल, पाण्याला म्हणत नाही. कोण, कुठला, काही विचारायचं नसतं. पाणी द्यायचं, विचारायचं ते मागाहून. मंगळीबायने कळशी उतरवली, तिच्या तोंडावरचा तांब्या भरून पुढे केला.

"एवढ्याने काय होतंय? तो हंडा द्या."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. रखरखीत ऊन, त्यात ते काळं जाकीट. तिला दया आली असावी.

"लय तानेला हाय गं बाय," असं स्वतःशीच म्हणत तिने हंडा उतरवून दिला.

सनीशेठने हंडा दोन्ही हातांनी उचलला. मी "अहो थांबा, तापल्या इंजिनावर..." एवढं म्हणेपर्यंत तो अख्खा हंडा इंजिनावर उपडा झाला होता. वाफेचा असा लोट उठला की सनीशेठ दिसेनासे झाले. त्या वाफेतून एकच आवाज आला. टण्.

कडक तापलेल्या धातूवर थंड पाणी पडलं की तो तडकतो. रफिकभाईच्या भट्टीवरचं कुत्रंही हे जाणून होतं. माझं इंजिन, माझे चार सूर, त्या एका टण् मध्ये गेले.

वाफ विरली. बाया जमल्या होत्या. मंगळीबाय जमिनीकडे बघत होती. पाणी मातीत शिरून गेलं होतं, ओल तेवढी उरली होती.

"तू प्यालाच नाय?" ती म्हणाली.

"गाडीला घातलं."

"गाडी पानी पिते?"

"मावशी, तुमचं पाणी भरून देऊ की! आमचेच नळ आहेत." सनीशेठने ऐटीत पाटीवर बोट ठेवलं. "हे माझे वडील."

कुठल्याही शहाण्या माणसाने त्या पाड्यात, त्या नळापाशी, मे महिन्यात ही ओळख सांगितली नसती. पण 'भावी' माणसाला ओळख सांगितल्याशिवाय चैन कुठलं? बायांच्यात कुजबुज झाली. मग एक हसली. मग सगळ्या हसल्या. शिव्यांपेक्षा ते हसणं मला जास्त भयंकर वाटलं.

"या सायबाचा पोर का तू?" मंगळीबाय म्हणाली. "चांगला हायेस. आता हंडा उचल."

"म्हणजे?"

"आमच्यात ज्यानं पानी सांडलं त्यानंच भरून आनायचं. पोर असो का म्हातारी. माझ्या सासूनं सांडलं तरी तिला जावं लागतं."

सनीशेठने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रीत आहे शेठ. मी काय करणार?" मनात म्हटलं, आज सकाळी ज्याचं तोंड पाहिलं त्याला पेढे देईन.

पायवाट खाली दरीत उतरत होती, गुळगुळीत खडकांवरून. टाचेच्या बुटांनी पहिल्याच उतारावर दगा दिला. दुसऱ्या उतारावर सनीशेठ बसून घसरले. मंगळीबायने कुणाच्या तरी पायांतल्या टायरच्या चपला वरून मागवल्या आणि त्यांच्यापुढे टाकल्या. बूट तिथंच एका खडकावर राहिले. मी मागोमाग जात होतो. मला जायची गरज नव्हती, पण असा खेळ कोण सोडतो?

खाली नदीच्या कडेला पाण्याने भरलेली बांधीव विहीर होती, बापूसाहेबांच्या योजनेचीच. शेजारी त्यांचंच पंपघर, दाराला कुलूप. मी सवयीने खिडकीतून आत डोकावलो. मिस्त्रीला बंद यंत्र बघवत नाही.

"सनीशेठ," मी म्हटलं, "मोटर कुठं आहे?"

"असेल की आत."

"आत सिमेंटमध्ये रोवलेले नुसते बोल्ट आहेत. त्यांच्यात घुशीनं संसार मांडलाय."

"मोटर होती ना," मंगळीबाय दोर सोडता सोडता म्हणाली. "उद्घाटनाला होती. रिबीन कापली, पेढे वाटले, नळाला असं पानी आलं! आमी हंडे भरले, पोरांना न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिशी टेंपो आला, मोटर घेऊन गेला. म्हनला, सर्विसिंगला नेतो." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तू मिस्त्री ना? मोटारीच्या सर्विसिंगला इतके पावसाळे लागतात का रं?"

मला सगळं एकदम दिसलं. गेल्या काही वर्षांत बापूसाहेबांच्या जेवढ्या नळयोजनांची उद्घाटनं मी पाहिली होती, त्या सगळ्यांत तीच एक हिरव्या रंगाची, वायरी जोडायच्या डबीला, आम्ही तिला कान म्हणतो, पोचा आलेली मोटर होती. मीच तिचं बेअरिंग बदललं होतं! कात्रीबरोबर आणि नारळाबरोबर ती मोटरही उद्घाटनाला जायची, आणि सोहळा संपला की बापूसाहेबांच्या आमराईत परत यायची, आंब्यांना पाणी द्यायला. शहाण्या माणसाने हे मनात ठेवलं असतं. मी मोठ्याने सांगितलं, हातवारे करून, कानाचा पोचासुद्धा दाखवला.

सनीशेठ हंडा डोक्यावर घेऊन वर आले. अर्धा सांडला होता. रीतीप्रमाणे परत गेले. मी गळ्यातला कॅमेरा उघडला. फोटो काढायला तर मला आणलं होतं. काळा चष्मा, कातडी जाकीट, डोक्यावर हंडा, पायांत टायरच्या चपला आणि मागे डोंगरांच्या रांगा. फलकासाठी याहून चांगला फोटो निघाला नसता.

हंडा एकदाचा भरला. सनीशेठ म्हणाले, आता खाली जाऊन गाडीसाठी टेंपो पाठवतो. मंगळीबायने बैलगाडीचा दोर आणला, चॉपरच्या त्या लांब पुढच्या पाइपांना दोन वेढे घातले आणि दुसरं टोक नळाच्या खांबाला बांधलं. गाठ अशी मारली की मी हत्यारं घेऊनही सोडवू शकलो नसतो.

"हे काय?" सनीशेठ ओरडले.

"गाडी इथंच ऱ्हाईल. सर्विसिंगला," ती म्हणाली. "बापाला सांग, मोटर आनून लाव. नळाला पानी आलं की गाडी ने."

भिवंडीहून आजारी होऊन परतलेला एक देवजी नावाचा माणूस बाजेवर बसून हे बघत होता. त्याला इतका आनंद झाला की तो शहरातल्या भाषेत ओरडला, "ए हिरो! पार्किंग फ्री हाय!"

सनीशेठ माझ्या मागे बसून जव्हारला आले. या वेळी वळणं आम्ही एका दमात घेतली.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब माझ्या दुकानात. पायांत पांढऱ्या कातडी चपला, खूण नाही.

"मिस्त्री, माझी गाडी पाड्यात अडकवून ठेवली?"

"मी नाही साहेब. मी फक्त बनवली."

"मी पोलिसांत जातो! चोरी आहे ही!"

"जा की साहेब. फक्त आरसीबुक घेऊन जा. इंजिनाचे कागदही मागतील. आणि त्या इंजिनाची मूळ गाडी झाडाला लागली तेव्हा चालवणारा कोण, तेही विचारतील बहुतेक."

बापूसाहेब खुर्चीवर टेकले. मी चहा मागवला नाही.

"त्या बाया काय मागतात?"

"हिरवी मोटर, साहेब. कानाला पोचा आलेली."

बापूसाहेबांना गाडीची पर्वा नव्हती, पण गावात गोष्ट पसरली होती आणि पसरवणारा माणूस त्यांच्यासमोरच हत्यारं पुसत उभा होता. भावी सभापतींची गाडी नळाला बांधलेली बघायला मोखाड्याहून माणसं मुद्दाम जायला लागली होती. येणारा प्रत्येकजण गाडी बघायचा, मग दोर बघायचा, मग नळ, मग वरची पाटी वाचायचा. त्या पाटीचं एवढं वाचन उद्घाटनाच्या दिवशीही झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात मोटर पाड्यात गेली. बसवायला मलाच बोलावलं. बोल्टांवरची घूस हुसकताना मला वाईट वाटलं, तिचा काही दोष नव्हता. वीज आली तेव्हा कळ दाबली आणि धावत वर आलो. नळ आधी खोकला, मुंगळे बाहेर फेकले, लाल पाणी ओकला आणि मग स्वच्छ धार लागली. बायांनी पाळी ठरवून हंडे लावले. मंगळीबायने पहिला तांब्या भरला आणि चॉपरच्या टाकीवर ओतला.

"पी बाई," ती म्हणाली, "तुझ्यामुळं आलं."

चॉपरवर तोवर मिरच्या वाळत होत्या. हँडलवर लुगडी, पुढच्या पाइपांवर गोधडी, आणि सीटच्या खोलगट जागेत कोंबडी अंडी घालून बसली होती. मी इतक्या हौसेने घडवलेल्या त्या वस्तूचा असा सर्वांगाने वापर होताना पाहून मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. मग मी कोंबडी उठायची वाट बघितली आणि दोर सोडला.

गाडी टेंपोतून दुकानात आली. सनीशेठ तिला बघायला कधी आले नाहीत. इंजिनाचं डोकं उघडलं तर चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. मी ती बोटाने चाचपली. मेलेल्या माणसापेक्षा मेलेल्या यंत्राचं दुःख लाजिरवाणं असतं, कुणाला सांगता येत नाही. गाडी परत भंगारात गेली. सांगाडा तोडताना भंगारवाल्याची करवत बोथट झाली, तेव्हा रफिकभाईला आणि मला फार बरं वाटलं. फलक पुढे लागलाच नाही. सनीशेठ आज स्वतः कंत्राटदार आहेत, चार चाकांतून फिरतात. तो फोटो माझ्यापाशी आहे. या लेखाबरोबर छापायला देणार होतो, पण बायको म्हणाली, अजून या गावात राहायचंय.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, मंगळीबाय माझ्या दुकानात आली. पायांत तेच टोकदार बूट. टाचा कापून सपाट केलेल्या, खडकांवरून चालून चालून तळवे झिजलेले. माझ्या दुकानात आलेल्या पायांत इतक्या खुणा मी पाहिल्या नव्हत्या. मी चहा मागवला.

"दादा," ती म्हणाली, "मोटर परत सर्विसिंगला गेली."

मी कपाळाला हात लावला. तिने बशीत चहा ओतला, फुंकर घातली, सावकाश प्यायली आणि दुकानातल्या रिकाम्या जागेकडे, जिथं ती लांब गाडी उभी असायची तिथं, बघत राहिली.

"तसली आनखी एक बनव की."

"बनवीन गं. पण घेणार कोण?"

बशी खाली ठेवत ती म्हणाली, "त्या बापूसायबाला धाकटा पोरगा हाय ना?"